होय म्हणा की, मामी!

नीळकंठ तरुणपणी बारामतीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये बेसिक ही प्रोग्रॅमची भाषा शिकवायचा. पुढे बेसिक मागे पडली, क्लास बंद झाला आणि तो पतसंस्थेत चिकटला. निवृत्तीनंतर त्याला कळलं, की बेसिकसारख्याच भाषेत मोबाइलची अ‍ॅपसुद्धा करता येतात. झालं! जळोचीच्या घरात रोज चहा गार व्हायला लागला. "बाबा, ही भाषा आता कोण वापरतं?" पुण्यात सॉफ्टवेअरवाला झालेला केयूर हसला. "तुझा बाप," नीळकंठ म्हणाला.

सासूबाई, चंद्राबाई, सणसरला एकट्या. भेंडी-गवारीचं रान सोडून लेकीकडे यायला तयार नाहीत. गोठ्यात चक्कर येऊन पडल्यापासून त्याच्या बायकोच्या, मालतीच्या जिवाला घोर लागलेला. नीळकंठाने बाह्या सरसावल्या. चंद्राबाईंच्या मोबाइलमध्ये अ‍ॅप घातलं. रोज सकाळी ते फोन आल्यासारखं वाजायचं आणि मालतीच्याच रेकॉर्ड केलेल्या आवाजात विचारायचं, "आई, बरी आहेस ना गं?" उत्तर 'होय' आलं, की "बरं बरं, ठेवते" म्हणून गप्प. दुसरं काही आलं, तर मालतीच्या फोनवर भोंगा.

"मामी, फक्त होय म्हणायचं," त्याने पढवलं. त्यांनी मान डोलावली.

पहिल्याच सकाळी भोंगा. मालती ओल्या केसांनी स्कूटीवरून सणसरला धडकली, तर आई खुशाल भेंडी तोडतेय.

"अगं, काय उत्तर दिलंस?"

"व्हय म्हनले की!"

नीळकंठाने कपाळाला हात लावला आणि प्रोग्रॅममध्ये 'व्हय' घातला. तर फोनला ते 'वही' ऐकू यायला लागलं. म्हणून वहीसुद्धा घातली. मग एके दिवशी उत्तर आलं, "मला काय धाड भरलीया?" पुन्हा भोंगा, पुन्हा स्कूटी. 'धाड' म्हणजे तब्येत ठणठणीत, असं जगातल्या कुठल्या प्रोग्रॅमरने लिहिलं असेल? नीळकंठाने लिहिलं, दात-ओठ खात.

"मामी, होय म्हणायला जीभ झडते का हो?" तो फोनवर करवादला.

"तेच म्हंतीया न्हवं का जावईबापू, व्हय!"

शेवटी त्याने हात टेकले. वाक्यात यातला एक शब्द जरी सापडला, तरी मामी बऱ्या, असं ठरवून टाकलं. भोंगा थांबला. नीळकंठाने केयूरला फोन करून बढाई मारली. मालतीही निर्धास्त झाली. आईला वेगळा फोन करायचा राहूनच जायला लागला.

एका रविवारी दोघं सणसरला गेली. चंद्राबाई बाजेवर बसलेल्या. पाय सुजून जांभळा पडलेला. लेकीकडे बघेनात.

"आई! अगं, सांगितलं का नाहीस?"

"रोज सांगत हुते की. 'व्हय गं, पर पाय लई ठणकतोय' म्हनाया जावं, तर व्हय म्हनूस्तवर तुजं आपलं बरं बरं, ठेवते. ऐकाया येळ न्हाय, तर इचारतीस कशाला?"

नीळकंठ गडबडीने पुढे झाला. "मामी, ती मालती नव्हती, ते तर माझं..."

मालतीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दोन पावलं मागे सरला. फोनवर लेक नव्हतीच, हे म्हातारीला आता कळलं तर काय होईल, ते त्यालाही उमगलं.

मालती खाली बसली, आईचा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाली, "चुकलं गं आई. मलाच घाई असायची."