खोकं वाजतंय तोवर

गोजरबाईला गाण्यांचा तिटकारा होता. सगळ्या नव्हे, त्या काळ्या खोक्यातून निघणाऱ्या. राहात्याजवळ आप्पासाहेबांच्या कांद्यात बाया खुरपायला बसल्या की बांधावर त्याची धडधड सुरू व्हायची आणि हिच्या दाढा ठणकायला लागायच्या. टोळीची पुढारीण तीच, म्हणून उठून जायचीही सोय नव्हती.

ही रीत पडली रेश्मामुळे. टोळीतली ही हौशी पोरगी गेल्या साली आपला जुना स्पीकर शेतात आणायची. त्याची बॅटरी पाचच्या आसपास मान टाकायची आणि सुट्टीची वेळही तीच. आप्पासाहेब एकदा हसून म्हणाले, "खोकं बंद, काम बंद!" गंमत म्हणता म्हणता त्याचा नियम झाला. यंदा त्यांनी स्वतःच नवंकोरं खोकं आणलं. "माझ्या लेकीबाळींना करमणूक नको का?" म्हणाले. भोळ्या बायांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. आणि ते मेलं दिवस मावळला तरी वाजतच राहिलं! नियम मात्र जुनाच. भेट म्हणून माणसानं गळ्यात दावं बांधावं, याला काय म्हणायचं?

गोजरबाईचा जीव नळात अडकलेला. गावात चार दिवसांआड पाणी यायचं, तेही संध्याकाळी तासभर. घरात सून ओली बाळंतीण, हंडे भरायला दुसरं कुणी नाही. एकदा गोजरबाईला उशीर झाला, तोवर नळ गेला आणि सून तशीच विहिरीवर गेली. आली ती तापानं फणफणत.

"ह्याची चार्जिंग लवकर कशी उतरंल गं?" तिनं रेश्माला विचारलं.

"आवाज फुल कर, मावशे. अन् बेस वाढीव. बेस लई चार्जिंग खातो."

झालं. पाण्याच्या दिवशी गोजरबाई आपल्या हातानं ती घाण वाढवायची. दाढा ठणकून भाकरी चावता यायची नाही. कानात पदराचे बोळे कोंबून ती खुरपत राहायची. पण खोकं पाचाच्या आत गपगार व्हायचं आणि सुनेला हंड्याला हात लावावा लागायचा नाही.

आप्पासाहेब काही दुधखुळे नव्हते. एके दिवशी बांधावर आले आणि बेस बंद करून आवाज पार खाली आणला. "गोजरबाई, कान जातील ना बायांचे! मला काळजी वाटते." ओठांत एक नि पोटात एक. त्या गोड बोलण्याची तिला खोक्याहून शिसारी आली. त्यांची पाठ वळली की ही आवाज वाढवायची, ते आले की कमी करायचे. शेवटी एका पाण्याच्या दिवशी त्यांनी खिशातून पॉवर बँक काढली, खोक्याला जोडली आणि शेजारीच सतरंजी टाकून बसले.

ऊन कललं. रस्त्यानं शाळेची पोरं घरी गेली. खोकं बारीक आवाजात आपलं कण्हतच होतं. गोजरबाई गुडघ्यावर हात देऊन उठली.

"आप्पासाहेब, पान्याची येळ झाली. आमी निघतो."

"अहो, वाजतंय की अजून! ठरलंय ना आपलं?"

"वाजतंय व्हय? मग त्याच्याकडूनच घ्या खुरपून."

तिनं खुरप्याची माती झटकली आणि बांध ओलांडला. मागोमाग रेश्मा उठली, मग सगळ्याच उठल्या. "उद्या येऊच नका!" आप्पासाहेब ओरडले. पण अर्धा कांदा गवतात बुडालेला आणि आसपास दुसरी टोळी नाही, हे त्यांना ठाऊक होतं. दोन दिवसांनी स्वतः बोलवायला आले, पाचला सुट्टी कबूल करून.

बांध ओलांडून निघाल्या त्या संध्याकाळी वाटेनं रेश्मा हसून लोटपोट झाली. "मावशे, जिरवली गं त्यांची!"

गोजरबाईला हसू आलं नाही. उठून उभं राहायचं आणि तोंड उघडायचं, एवढंच तर काम होतं. त्यासाठी तिनं अख्खा हंगाम ती घाण स्वतःच्या हातानं कानात ओतून घेतली होती. आपल्या तोंडाला काय धाड भरली होती, या विचारानं तिला आप्पासाहेबांपेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली.