वहीतले चांगले आकडे

दम्याचा पेशंट समोर बसला की आमच्या बाई आधी काही विचारत नाहीत, नुसतं ऐकतात. किती शब्दांनंतर माणूस श्वासासाठी थांबतो ते मनात मोजतात. पेशंटला वाटतं, डॉक्टरीणबाई फार सोशिक. सोशिक कसल्या? बावीस वर्षं मी शेजारच्या खोलीत श्वास मोजायचं यंत्र चालवते आहे. चहा दोन मिनिटं उशिरा आला तरी बाईंचा राग नाकावर असतो.

त्या शिकत होत्या तेव्हा सगळ्यांना हृदयाचं डॉक्टर व्हायचं होतं. छातीच्या विभागात दोघंच, त्यातला एक चुकून आलेला. बाई मात्र ठरवून आल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी दम्यामुळे उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. आज तो खिळे-स्क्रूचं दुकान चालवतो आणि अजूनही औषधाचा पंप चुकीचा ओढतो. घरकी मुर्गी दाल बराबर, दुसरं काय.

दम्याचं रोजचं औषध थोडं कमी केलं तरी चालेल का, हे बाईंना शोधायचं होतं. एकशे चाळीस पेशंट तयार झाले, त्यांचं औषध कमी केलं. प्रत्येकाला एक आकडे असलेली नळी आणि एक वही दिली. सकाळ-संध्याकाळ नळीत जोरात फुंकायचं आणि काटा थांबेल तो आकडा वहीत लिहायचा. महिन्यातून एकदा बाई स्वतः वही बघायच्या. आकडे चांगले असले की "शाब्बास" म्हणायच्या. वाईट असले की बोलायच्या नाहीत, पण चेहरा असा उतरायचा की समोरच्यालाच अपराधी वाटावं.

चार वर्षांत आकडे इतके छान आले की बाई हवेत होत्या. शोधनिबंध लिहून झाला, सोमवारी छापायला पाठवायचा होता. शुक्रवारी शर्ट शिवणाऱ्या शिंपीणकाकूंना त्यांच्या जावयाने उचलून आणलं. ओठ निळे, तोंडातून शब्द फुटेना. त्यांच्या पिशवीत वही होती, आणि त्याच सकाळचा आकडा होता तीनशे ऐंशी. तीनशे ऐंशी फुंकणारं माणूस जिना धावत चढतं.

काकू दुसऱ्या दिवशी बोलायला लागल्या, तेव्हा बाईंनी विचारलं, "हे आकडे कुठून आणलेत?"

"मनाने लिहिले," काकू म्हणाल्या. "तुम्ही एवढं करता आमच्यासाठी. वाईट आकडा बघून तुमचा चेहरा पडतो, तो मला बघवत नाही."

मग आम्ही जुन्या वह्यांचं कपाट उघडलं. वहीमागून वही, महिनाभराचे आकडे एकाच शाईत, एकाच दमात लिहिलेले. चौकशी केली तर कळलं, बाहेरच्या बाकावर एकच पेन फिरायचं. एक रिटायर्ड मास्तर तर बाकीच्यांना समजावायचे, "सगळे सारखे लिहू नका, थोडे वरखाली करा, खरं वाटतं." मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. औषध कमी केल्यावर यातल्या किती जणांचा श्वास तोकडा पडत होता, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

बाईंनी त्याच आठवड्यात सगळ्यांचं औषध पूर्ववत केलं. विभागप्रमुख म्हणाले, "ज्यांच्या वह्या संशयास्पद आहेत त्या वगळा, उरलेल्या पाठवा. नाहीतर चार वर्षं पाण्यात."

"उरलेल्या खऱ्या आहेत हे कोण सांगणार?" बाई म्हणाल्या, आणि निबंध बासनात गेला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला त्यांचा अभिमान वाटला.

पुढच्या महिन्यात त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि सरळ सांगितलं, "चूक माझी आहे, मी तुम्हाला पास व्हायला शिकवलं." मग तयार असलेल्यांचं औषध पुन्हा जपून कमी करून पाहिलं, आणि तेव्हापासून वह्या मी बघते. माझा चेहरा जन्मतःच उतरलेला असल्यामुळे कोणावर काही परिणाम होत नाही. आकडे आता गचाळ येतात, कुठे खाडाखोड, कुठे दोन दिवस कोरे. पाच वर्षांनी त्यांतून एक छोटासा निबंध निघाला: औषध कमी करणं थोड्यांनाच मानवतं, सरसकट करू नये. छापून आल्यावर बाईंनी तो एकदा वाचला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. इतकं निवांत मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

गेल्या मंगळवारी सकाळी शिंपीणकाकूंचा फोन आला. "ताई, आज दोनशे दहाच येतायत. येऊ का?"

मी म्हटलं, लगेच या. अर्ध्या तासात त्या आल्या, दारात थोडं थांबून, वही छातीशी धरून. मी आकडा बाईंना सांगितला. त्या उठून आल्या, काकूंना खुर्चीत बसवलं, वाफेचा मास्क लावायला घेतला. त्यांचा चेहरा जसा पूर्वी उतरायचा तसाच उतरला होता. काकूंनी मास्क जरा बाजूला केला.

"बाई, वाईट वाटलं ना तुम्हाला?"

"वाटलं," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही चालत आलात."