तिसऱ्या वर्षाचं पान

…आणि गाढवाचं काय झालं ते काल सांगायचं राहिलंच. गाढवाने सगळी कविता कान टवकारून ऐकली आणि शेवटच्या ओळीला असा काही सूर लावला, की शेजारची डोन्या फिलिबेर्ता भिंतीवरून ओरडली, "कासियानो, तुझ्या कवीला कळव, वायापाम्पा गावात एक तरी जाणकार आहे म्हणावं!"

कासियानो विल्का हसला नाही. त्याने कॅसेट मागे फिरवली आणि तीच ओळ पुन्हा लावली.

त्याचं भाषांतराचं काम असंच चालायचं. कागद नाही, पेन नाही. मक्याच्या शेतात, गोठ्यात, विहिरीवर, जिथे असेल तिथे तो स्पॅनिश ओळ कानात घ्यायचा आणि ती क्वेचुआ, म्हणजे खोऱ्यातली भाषा, होऊन तोंडातून बाहेर पडेपर्यंत घोळवत राहायचा. शिक्षण गावच्या शाळेत तिसरीपर्यंत. पुढे खाणीत गेला, तिथल्या कामगारांच्या रेडिओवर बोलायला शिकला. खाण बंद पडली तेव्हा निम्मी फुप्फुसं तिथेच ठेवून खोऱ्यात परतला आणि इथल्या रेडिओवर पहाटेच्या बातम्या सांगायला लागला. कुणाची गाय हरवली, कुणाची आजी गेली, कोणता रस्ता वाहून गेला. हातात स्पॅनिश कागद, तोंडातून क्वेचुआ, मध्ये श्वास घेण्याएवढाही खंड नाही. एकदा गाईच्या जागी आजी हरवली आणि आजीच्या जागी गाय वारली, पण माणसं मेणबत्त्या घेऊन बरोबर घरी पोचली.

हा आवाज कुठल्याशा गाडीत बसून डॉन लेआंद्रो आरिस्पेने ऐकला. देशाचा मोठा कवी. पोस्टाच्या तिकिटावर त्याचा चेहरा, शहरातल्या शाळेवर त्याचं नाव. डोळे गेले होते, म्हणून शेवटच्या कविता त्याने टेपरेकॉर्डरसमोर बसून म्हटल्या होत्या. त्यांत खोकला होता, कपबशीचा आवाज होता, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाला मारलेली हाक होती. एर्नानला.

एर्नान त्याचा एकुलता एक मुलगा. बाळंतपणात बायको गेली, कवी परदेशी वकिलातींत आणि नंतर हद्दपारीत फिरत राहिला, आणि पोर वायापाम्पात फिलिबेर्ताच्या आईच्या दुधावर वाढलं. ते क्वेचुआतच बोललं, क्वेचुआतच रडलं. बाप कधी आला तर खेळणी आणायचा आणि स्पॅनिशमधून गोड गोड बोलायचा. पोर आपल्या चपलांकडे बघत उभं राहायचं. मोठा झाल्यावर एर्नान ट्रक चालवायला लागला, आणि एका पावसाळ्यात ट्रकसकट दरीत गेला.

"त्याला हाका मारून माझा घसा बसला," डॉन लेआंद्रो पहिल्याच भेटीत म्हणाला होता. "पण माझी भाषा त्याला जिवंतपणी कधी कळली नाही. मेल्यावर काय कळणार?"

"म्हणजे क्वेचुआत पुस्तक काढायचं म्हणता, डॉन लेआंद्रो?"

"पुस्तक गेलं खड्ड्यात. त्याला कळेल असं बोलणारं तोंड हवंय मला. अट एकच, लेका. पदरचा एक शब्द घालायचा नाही. माझी ओळ लंगडी असेल तर लंगडीच चालव."

"आणि माझ्याकडे येऊन देखणी झाली तर?"

"तर कुठेतरी खोटं घुसलंय असं समज."

कासियानोने काम घेतलं, ते कवीच्या नावासाठी नव्हे. त्याची साबिना सातव्या वर्षी तापाने गेली होती. मेलेल्यांच्या दिवशी तिची पानं तीन वर्षं मांडून झाली, एकदाही काही शिवलं नाही. त्याला वाटायचं, आपल्या हाकेत दम नव्हता. एवढ्या मोठ्या कवीचे शब्द आपल्या भाषेत आले आणि त्यांनी एर्नान आला, तर त्याच शब्दांनी साबिनालाही बोलावता येईल. तो हे कुणाला बोलला नव्हता, पण निकोलासा त्याची बायको होती, तिला न सांगताच कळलं होतं.

"आपल्या पोरीच्या वेळी तुझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता," ती चुलीकडे तोंड करून म्हणायची. "आता परक्याच्या पोराला रात्रंदिवस हाका. रेडिओवाला ना तू!"

त्यावर कासियानो कॅसेट लावायचा.

ते वर्ष एर्नानच्या पानाचं तिसरं, म्हणजे शेवटचं. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला दुपारी बाराला मेलेली माणसं घरी येतात, दुसऱ्या दिवशी बाराला जातात. तीन वर्षं पान मांडायचं, मग कायमचा निरोप. त्यानंतर हाक मारायची नाही. आणि आलं ते ओळखायचं माशीवरून. पानाला माशी शिवली, की माणूस आला.

एर्नानचं पान फिलिबेर्ताच्या घरी मांडलं होतं. तिचा चिचाचा गुत्ता, मक्याची ती आंबट दारू ओसरीवर सांडलेली, त्यामुळे तिथे माशांना काय तोटा! "माझ्या नवऱ्याच्या वेळी अशा झुंबडीनं आल्या," ती सांगायची, "की मला कळेना, हा मेला एकटा आलाय की सगळी दोस्तमंडळी घेऊन!"

पण त्या वर्षी आदल्या संध्याकाळी गारा पडल्या. खोरं पांढरं झालं. सकाळी अंगणात श्वासाची वाफ दिसत होती आणि माशी औषधालाही नव्हती.

काळ्या कापडावर सगळं नीट होतं. मेलेल्याच्या जागी पावाची बाहुली, त्याला वरून खाली उतरायला पावाची शिडी, तिखट कोंबडी, चिचाचा पेला, एर्नानच्या आवडीच्या सिगारेटी. कडेला, कुणाला दिसेल न दिसेल अशी, आणखी एक छोटी बाहुली होती. ती निकोलासाने ठेवली होती. कासियानोने ती पाहिली.

डॉन लेआंद्रो खुर्चीत ताठ बसला होता. कासियानोने म्हणायला सुरुवात केली. काय म्हटलं त्याने! रेडिओवर तीस वर्षांत तो असा बोलला नव्हता. बायका शालीच्या टोकाने नाक पुसत होत्या, पावाच्या आशेने प्रार्थना म्हणायला आलेले म्हातारे प्रार्थना विसरले. शेवटची ओळ संपली आणि चर्चची घंटा झाली.

"बारा?" कवीने विचारलं.

"हो."

"आला?"

पानावर काही हललं नाही.

"थांबू. रस्ता लांबचा आहे," कवी म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "पुन्हा म्हण."

कासियानोने पुन्हा म्हटलं. या वेळी त्याची नजर त्या छोट्या बाहुलीवर होती. कोंबडीवरचा रस्सा थिजला. तिसऱ्यांदा म्हणताना खाणीतली धूळ घशाशी आली आणि आवाज फाटला. म्हातारा हात पुढे करून पानावरची हवा चाचपत होता, जणू अंधारात कुणाचा तरी खांदा लागेल.

फिलिबेर्ताला ते बघवेना. ती स्वयंपाकघरात गेली आणि मूठ मिटून बाहेर आली. कासियानोजवळून जाताना कुजबुजली, "चुलीमागे ऊब धरून बसली होती. गप्प राहा हं. म्हातारा आज आहे, उद्या नाही." कवीच्या खुर्चीमागे जाऊन तिने मूठ उघडली.

माशी त्याच्या कानाशी गुणगुणली आणि पावाच्या शिडीवर जाऊन बसली.

"शिवली!" म्हातारे ओरडले. "शिवली, शिवली!"

डॉन लेआंद्रो उठून उभा राहिला. बिनदृष्टीचे डोळे भरून वाहत होते. "एर्नान," तो म्हणाला. मग त्याने कासियानोचा हात शोधून घट्ट धरला. "तुझे शब्द पोचले, लेका. तुझ्या पोरीचं फिलिबेर्तानं सांगितलंय मला. आता तिला बोलाव. माझी कविता घे, एर्नानच्या जागी तिचं नाव घाल. सगळं तुझंच. बोलाव तिला."

निकोलासा दारात होती. तिने मूठ पाहिली नव्हती, माशी पाहिली होती. ती दोन पावलं पुढे आली. इतक्या वर्षांत तिने नवऱ्याकडे असं पाहिलं नव्हतं. साबिनाच्या तापात, उतार पडेल असं वाटलेल्या एका सकाळी पाहिलं होतं, तेवढंच.

"बोलाव ना रे," ती हळूच म्हणाली.

फिलिबेर्ता मागून ओठांवर बोट ठेवून खुणावत होती. माशी शिडीवरून उडून छोट्या बाहुलीच्या कपाळावर बसली.

कासियानोने ती हाताने हाकलली.

"डॉन लेआंद्रो, दोन वर्षांत मी पदरचा एक शब्द घातला नाही. ही माशी पदरची आहे, फिलिबेर्तानं चुलीमागून धरून आणलीय. कुणी आलं नाही. तुमचाही नाही, माझीही नाही."