मेली गाय हलवायची नाही

माझं माहेर चाकूरचं. तिकडं सगळं उघडं रान, जनावरांना भीती असलीच तर चोराची. लग्न होऊन किनवटच्या जंगलाला लागून असलेल्या या गावात आले, तेव्हा बिबट्या हा शब्द मला फक्त पेपरातला माहीत होता. बिबट्यापेक्षा त्याच्यासाठी केलेला कायदा जास्त दमवतो, हे इथं राहून कळलं.

आमच्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांची एक तांबडी गाय होती. वासरू असताना तिची आई मेली, म्हणून आत्याबाईंनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. एका सकाळी मी गोठ्यात गेले, तर मागच्या बाजूचा तुराट्यांचा कूड फाटलेला आणि गाय मानेतून रक्त येऊन आडवी. मागचा भाग खाल्लेला. बैल दावं ताणून भिंतीला चिकटून उभे होते. आत्याबाई आल्या, तिच्या डोक्याशी बसल्या आणि कपाळावरून हात फिरवत राहिल्या. रडल्या नाहीत. मीच रडले.

वनरक्षक आला तो लांबूनच ओरडत. "हात लावू नका! पंचनामा झाल्याबिगर मेली गाय हलवायची न्हाई. नियम हाय. हलवली तर भरपाई न्हाई."

"पंचनामा कधी?" आमच्या मालकांनी विचारलं.

"आमचे वनखात्याचे साहेब आन् जनावराचे डॉक्टर, दोघं जागेवर लागतात."

दोघं म्हणजे दोघं. त्या दिवशी साहेब आले, तर डॉक्टर नव्हते; त्यांच्याकडं हिमायतनगरचाही कारभार होता आणि ते तिकडं अडकले होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, तर साहेब मीटिंगला. डॉक्टर बिचारे गायीकडं बघून म्हणाले, "हे बिबट्याचंच काम आहे." लिहून द्या म्हटलं, तर म्हणाले, "साहेबांसमोर देतो." गाय फुगली होती. बैल गोठ्यात पाय ठेवीनात, ते अंगणात बांधले. घरात भाकरीचा तुकडा तोंडात धरवत नव्हता.

आले होते त्या दिवशी साहेबांनी काय केलं, तर शाळेच्या ओसरीवर गाव जमवून कायदा समजावला. चेहरा असा, की शाळेत नापास झालेली पोरं समोर बसली आहेत. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे. त्याला मारलं तर तुरुंग. पकडायचं तर परवानगी नागपूरहून, आणि तीही माणसाच्या जिवाला धोका असेल तरच.

"आन् आमची गाय कोणत्या अनुसूचीत हाय, साहेब?" मागून कुणीतरी विचारलं. लोक हसले. साहेब हसले नाहीत.

मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, गोठ्याच्या भिंतीला लागूनच आम्ही झोपतो."

"तुमच्या अंगावर आला होता का?"

"नाही."

"मग?" ते म्हणाले आणि पाण्याची बाटली उघडली. एवढं स्वच्छ, इस्त्री केलेलं 'मग' मी आयुष्यात दुसरं ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर गेल्यावर आमचे पुढारी आले. गळ्यात पक्षाचं उपरणं, मागं पाच-सहा चेले. रुमालानं नाक दाबून गायीशेजारी उभे राहिले. फोटोपुरता रुमाल खाली घेतला. "रस्ता रोको करू. हा अन्याय सहन करणार नाही," असं मोबाईलकडं बघून म्हणाले. आत्याबाईंकडं बघूनही म्हणता आलं असतं, त्या समोरच बसल्या होत्या. चेल्यांनी कुडापाशी उमटलेले बिबट्याचे ठसे बुटांनी पुसून टाकले आणि चहा न घेताच सगळे गेले. रस्ता आजवर कुणी रोखलेला नाही.

त्याच दिवशी ऊन कलल्यावर माझे चुलत दीर फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन आले. सोबत गल्लीतले दोघं.

"कायदा कायदा करून राहिलेत," ते म्हणाले. "आपला कायदा ह्यो हाय. ओततो गायीवर. येईल परत खायला, पडंल हितंच."

खरं सांगते, मला ते पटलं होतं. तीन गोठे सोडून राहणाऱ्या म्हातारीच्या दोन शेळ्याही त्यानंच नेल्या होत्या. पण आत्याबाई उठून गाय आणि ते तिघं यांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"आन् कुत्री खातील ते? घारी खातील ते? पाऊस आला तर वढ्यात उतरंल, आपलीच ढोरं पितील ते?"

"काकी, तू मधी पडू नको."

"माझी गाय हाय. मेली तरी माझीच हाय. तिच्या अंगावर इख टाकू देणार न्हाई. व्हय मागं."

दीर पाय आपटत गेले, पण जाताना म्हणाले, "राखण किती करशील? आम्ही हावच." ते खोटं बोलत नव्हते. आत्याबाईंनी लेकाला ट्रॅक्टर आणायला सांगितलं.

"आत्याबाई, भरपाई जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे." त्या मिठाची गोणी ओढत होत्या. "तिला दूध पाजलंय मी. तिच्या अंगातनं कुणाला इख पाजणार न्हाई."

अंधार पडायच्या आत आम्ही बांधावर खड्डा खणून, मीठ घालून गाय पुरली.

आणि दुसऱ्या दिवशी, शप्पथ, साहेब आणि डॉक्टर एकाच जीपमधून उतरले.

"गाय कुठंय?"

"पुरली."

"कुणाला विचारून? पुरावा नष्ट केलात तुम्ही. आता बिबट्यानं मारली कशावरून?"

डॉक्टरांकडं मी आशेनं बघितलं. ते आपल्या बुटांकडं बघत होते. काल बघितलेली गाय त्यांना आज आठवेना. मरणाचं कारण 'अज्ञात' असं लिहिलं गेलं. आमच्या गायीला कुणीच मारलं नव्हतं. ती बहुधा कायदा ऐकून मेली.

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमचं जनावर म्या वाचवलं. लोक इख घालून राहिले व्हते. आन् मलाच चोर करता व्हय?"

"कोण लोक? नावं सांगा, गुन्हा नोंदवतो," साहेबांचा आवाज एकदम जागा झाला. दीर कोपऱ्यात उभे होते, पांढरे पडले. आत्याबाईंनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "नावं माझ्याकडं न्हाईत," त्या म्हणाल्या आणि घरात निघून गेल्या.

पुढं महिन्याभरात बिबट्या वसतिगृहाच्या आवारात दिसला. पोरं राहतात म्हटल्यावर माणसाच्या जिवाला धोका झाला, नागपूर हललं आणि पिंजरा आला. आत बांधायला शेळी मात्र गावानंच द्यायची होती. बिबट्या सापडला. पिंजऱ्याशेजारी पुढाऱ्यांचा फोटो निघाला, या वेळी रुमालाशिवाय. बिबट्या आत पंजे आपटून आपटून रक्तबंबाळ झालेला, आणि बाहेर लोक त्याला खडे मारत होते. त्यात दीर पुढं होते. मला त्या जनावराची भीती वाटली नाही, आमची लाज वाटली. त्याला कुठं सोडलं ते सांगितलं नाही. लांब नेलं तर आणखी बिथरतो, म्हणून जवळच सोडतात म्हणे. असेलही खरं. मग हेच गावाला आधी सांगायला काय झालं होतं?

नवा, पक्का गोठा आत्याबाईंनीच बांधून घेतला. दगडाच्या भिंती, वर पत्रा, खिडकीला जाड जाळी. सरकारी योजना आहे का म्हणून विचारायला गेलो तर होती, पण आमच्या तालुक्यात तिचं काय झालं ते कुणाला माहीत नव्हतं.

उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली. निरोपाचा सत्कार शाळेतच. मी गेले होते. पुढारी म्हणाले, साहेबांनी केलेल्या जनजागृतीमुळंच आपल्या गावात बिबट्यावर विषप्रयोग झाला नाही. साहेबांनी मान लववली. शाल घातली. दिरांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन मी हे आत्याबाईंना सांगितलं. त्या गोठ्याची भिंत शेणानं सारवत होत्या.

"तू वाजवल्या का टाळ्या?"

"नाही."

"बरं केलंस. ती बादली सरकव हिकडं."