वाकलेल्या पाठीचा आकडा

गळ्यात टेप नसली की मास्तरिणीला चप्पल विसरून बाहेर पडल्यासारखं वाटायचं. शिवणाच्या कारखान्यात ती कापड बेतायची, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. अठ्ठावीस वर्षं तिच्या बोटांना खडू लागलेला. आणि मालक म्हणत होता, पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून खडू बंद.

कारखान्यात एका वृद्धाश्रमाचे शर्ट शिवत. मालकानं एक प्रोग्रॅम आणला होता. माणसाची मापं घातली की तो बेताचा कागद काढून देई. कागद देखणा, पण सरळ पाठीच्या माणसाचा. पाठीला बाक आलेल्या म्हाताऱ्याच्या अंगावर तो शर्ट मागून वर चढे, पुढून लोंबे, आणि कॉलर गळा धरी. आजवर मास्तरीण खडूनं रेघ जराशी सरकवून घेई आणि वेळ निभावून नेई. आता चाळीस शर्ट एकदम, कागदाबरहुकूम, यंत्रावर कापायचे होते. रेघ सरकवायची कुठे?

"मग त्या प्रोग्रॅमलाच समजवा," मालक हसत म्हणाला. "त्याला सांगा, माणसाची पाठ वाकते म्हणून."

तो चेष्टेनं बोलला. हिनं मनावर घेतलं.

तिची नणंद शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिच्यापुढे मास्तरिणीनं गाऱ्हाणं मांडलं.

"वहिनी, हा प्रोग्रॅम मोकळा आहे गं," नणंद म्हणाली. "आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, दुरुस्ती सुचवावी. त्याची राखण करणारे दोघं-तिघं आहेत. तपासतात, पटलं तर घेतात."

"ओळखदेख नसताना?"

"ओळख कशाला? काम बघतात."

"वन्सं, मला दाखवा."

नणंदेनं जुना लॅपटॉप दिला. रोज सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी मास्तरीण तो उघडून बसू लागली. प्रोग्रॅमच्या आत सगळं रान होतं, वाट दिसेना. पण आठव्या दिवशी एक पान सापडलं. मान, खांदा, पाठ, कंबर. त्यापुढे गुणाकार, भागाकार. ती उठून उभी राहिली. शिवण शिकवणाऱ्या मामानं फळीवर कोळशानं लिहून दिलेली तीच सूत्रं, फक्त वेगळ्या कपड्यांत! आणि त्यात बाकाचा उल्लेख कुठेही नव्हता.

तिनं वृद्धाश्रमातल्या अकरा जणांची मापं घेतली. आठ वाकलेले, तीन ताठ. मग नणंदेला शेजारी बसवून पाठीचं सूत्र बदललं. हात लागलाच आहे तर कॉलरही सुधारली, खांदा, बाही, कफ, खिसा, बटणांमधलं अंतरही. सात दुरुस्त्यांचं गाठोडं बांधून पाठवून दिलं.

दोन दिवस जिवाला थारा नव्हता. जेवायच्या सुट्टीत ती डबा उघडी, झाकण पुन्हा लावी, नणंदेला फोन करी. "आलं का काही?"

"वहिनी, लिहिणारं माणूस आहे, कुकर नाही शिट्टी द्यायला."

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. राखणाऱ्यानं नम्रपणे लिहिलं होतं: स्वागत आहे, पण एका वेळी एकच दुरुस्ती पाठवा. सात एकत्र आल्या की कुठली बरोबर नि कुठली चूक, हे तपासता येत नाही.

"सासू परवडली!" मास्तरीण फणकारली. "त्याही एवढ्या खोड्या काढत नाहीत."

"आई ऐकतेय हं," नणंद म्हणाली.

पण बोलणं खरं होतं. उसवतानाही एकेकच शिवण उसवतात. तिनं सहा गोष्टी काढल्या आणि नुसती पाठ ठेवली: बाक असेल तर मागची लांबी सहा सेंटिमीटर वाढवावी. खाली अकरा जणांची मापं जोडली.

सोमवार नऊ दिवसांवर आला होता. तिच्या हातून सुई दोनदा मोडली.

या वेळचं उत्तर लांबलचक होतं. 'तुमच्या अकरांपैकी तिघांची पाठ सरळ आहे, असं तुम्हीच लिहिलंय. तुमच्या मापांनी त्यांनाही आमचा शर्ट साडेतीन सेंटिमीटर अपुरा पडताना दिसतो. सरळ पाठीचे शर्ट आम्ही वर्षानुवर्षं तपासत आलोय. तुम्ही माप कसं घेता?'

मास्तरिणीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मला विचारतोय? मला? हा पाळण्यात होता तेव्हा मी टेप धरलीय!"

"मग घेऊन दाखव," नणंद म्हणाली. "मी बघते."

मास्तरिणीचे वडील तिच्याकडेच राहत. जन्मभर गवंडीकाम केलेले. पाठ आता कमानीसारखी. तिनं त्यांना खिडकीपाशी उभं केलं.

"पोरी, पुन्हा?" म्हातारा म्हणाला. "कुठं पळून चाललीय पाठ?"

तिनं मानेच्या हाडावर टेप टेकवली, कमरेपर्यंत सोडली, कमरेखाली दोन बोटं आडवी लावली आणि बोटांच्या खालचा आकडा वाचला.

"थांब," नणंद म्हणाली. "ती बोटं कशाला?"

"कशाला म्हणजे? मामानं शिकवलंय. कपडा माणसापेक्षा दोन बोटं मोठा हवा. माणूस बसतो, वाकतो, श्वास घेतो."

"वहिनी, ती सैल जागा प्रोग्रॅम स्वतः धरतो. तू आधीच धरून पाठवलीस."

मास्तरिणीनं बोटांवर टेप धरली. साडेतीन सेंटिमीटर. ना कमी, ना जास्त.

तिनं टेप गळ्यात टाकली. दारापर्यंत गेली, परत आली. अठ्ठावीस वर्षांच्या हाताला आता परक्या माणसापुढे चुकलो म्हणायचं? गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? पण मग ते सहा सेंटिमीटर तसेच पडून राहिले असते, आणि कोणी घेतलेच असते, तर बाक असलेल्यांचे सगळे शर्ट मागून झोळीसारखे लोंबले असते.

"लिहा वन्सं," ती म्हणाली. "चूक माझी. माप घेताना दोन बोटं जास्त धरली. सगळी मापं पुन्हा घेऊन पाठवते."

दुसऱ्या दिवशी ती वृद्धाश्रमात गेली. बोटं आपोआप कमरेखाली सरकत. शेवटी तिनं डावी मूठच आवळून धरली. अकरा मापं झाली. ताठ तिघांना शर्ट नेमका बसत होता. तिथे राखणारा बरोबर. वाकलेल्या आठांना मात्र अजूनही मागून अडीच सेंटिमीटर कमीच पडत होतं. सहा नव्हे, अडीच. पण ते अडीच खरे होते. तिनं तेवढेच पाठवले.

मग पुन्हा वाट पाहणं. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी तिनं विनाकारण कपाट आवरलं आणि पुन्हा विस्कटलं.

शनिवारी दुपारी नणंद धापा टाकत कारखान्याच्या दारात आली. "घेतलं!"

राखणाऱ्यानं आठही जणांच्या मापांवर बेत स्वतः काढून पाहिले होते. दुरुस्ती मूळ प्रोग्रॅममध्ये गेली होती. नवी आवृत्ती मात्र महिनाअखेरीस निघणार होती.

"महिनाअखेरीस? कापायचं तर परवा आहे!"

"अगं, दुरुस्त केलेली प्रत तुझ्या लॅपटॉपवर आहेच. मोकळा आहे म्हटलं ना? तीच वापरायची."

मालक आधी कबूल होईना. "बाई, चाळीस शर्टांचं कापड आहे. कुणी तपासलंय का हे?"

मास्तरिणीनं लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. त्यानं उभ्याउभ्या सगळा पत्रव्यवहार वाचला. तिची कबुलीही वाचली, तिथं जरा थांबला आणि तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही.

"लावा," तो म्हणाला.

सोमवारी कागद निघू लागले. ज्यांना बाक होता त्यांच्या कागदावर पाठीची रेघ जरा लांब येई, बाकीच्यांची होती तशीच. प्रत्येकावर ती टेप लावून बघे आणि बाजूला ठेवी.

"आता बसा की मास्तरीण," मालक म्हणाला. "खुर्ची आहे."

ती बसली नाही. चाळिसावा कागद बाहेर येईपर्यंत यंत्रापाशी उभीच राहिली.