बोहनीचा रुमाल

माझी आत्या उभ्या आयुष्यात एकाही दुकानदाराशी भांडली नाही. ती फक्त बसून राहायची. उल्हासनगरच्या दुकानात तिने कार्ड पुढे केलं की गल्ल्यावरचा माणूस दोन टक्के जास्त पडतील म्हणणार, आत्या ‘का?’ म्हणणार, आणि तो समजावून दमेपर्यंत ती पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर शांत बसणार. बँक कापते, मशीनवाला कापतो, आम्हाला काय सुटतं, हे सगळं ती मान हलवत ऐकून घ्यायची आणि पुन्हा ‘का?’ म्हणायची. बेलवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिचं नाव टू पर्सेंट आत्या पडलं होतं. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

अंबरनाथच्या एका कारखान्यातून ती निवृत्त झाली तेव्हा बँकेने तिला क्रेडिट कार्ड दिलं. ते ती चष्म्याच्या डबीत ठेवायची. फोनवरून पैसे द्यायला मी तिला पुष्कळदा शिकवून पाहिलं, पण फोन बोलायला असतो, यापुढे तिची गाडी सरकली नाही. मग रोख देऊन मोकळी हो म्हटलं, तर चष्मा काढून माझ्याकडे बघायची. ‘दुकानात भाव एकच पाहिजे गं. हातात काय आहे ते बघून बदलला, तर तो भाव कसला?’

या हट्टामागे तिची आजी होती, हे मला उशिरा कळलं. गावच्या वाण्याकडे आजीला पायरीच्या खाली उभं करायचे. पैसे पायरीवर ठेवायचे, माल वरून पदरात पडायचा, आणि मापही इतरांपेक्षा हलकं. आत्याने हे पाहिलेलं नव्हतं, नुसतं ऐकलेलं. त्याचा कार्डाच्या मशीनशी काय संबंध, असं मी एकदा विचारलं. ‘काही नाही,’ ती म्हणाली, ‘पण मला तसंच वाटतं.’

तिचं हत्यार म्हणजे बोहनी. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, नाहीतर दिवस खराब जातो, असं उल्हासनगरच्या कॅम्पांतले व्यापारी मानतात. म्हणून शटर वर जायच्या आत आत्या दारात हजर. घरातल्या चादरी, टॉवेल, माझे गाऊन, सगळं असं कुणाच्या ना कुणाच्या बोहनीच्या धास्तीवर, दोन टक्के न देता आलेलं होतं.

माझी आई मी लहान असतानाच गेली आणि आत्याने मला वाढवलं. आमच्या बौद्ध लग्नातली नवरीची पांढरी साडी तिने घ्यायची, हे मी शाळेत असल्यापासून ठरलेलं. कॅम्प एकमधल्या एका सिंधी शेठच्या दुकानात ती सापडली. निळे काठ, बारीक जर, आणि तसा एकच नग. पण वेळ दुपारची, दुकान भरलेलं. शेठ दोन टक्के म्हणाले, आत्या ‘का?’ म्हणाली, आणि शेठनी सरळ पुढचं गिऱ्हाईक घेतलं. आत्या उठली. रिक्षात मला रडू आवरेना. वरचे पैसे मी देते म्हटलं, तर ती म्हणाली, ‘तू दिलेस तर ती साडी माझ्याकडची होणार नाही.’

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शटरपुढे. दुकान उघडलं, अगरबत्ती लागली, साडी अजून जागेवर होती. शेठनी ती काउंटरवर ठेवली, आत्याने कार्ड ठेवलं, आणि शेठनी हात जोडले. ‘ताई, बोहनी कार्ड से नहीं होती. लक्ष्मी हाथ में आनी चाहिए.’

हे आत्याच्या गणितातच नव्हतं. शेठना तिला परत पाठवता येईना, कार्ड घेता येईना, आणि तिला ओलांडून दुसऱ्या कुणाचं करताही येईना. आत्या स्टुलावर बसली, शेठ गादीवर बसले, मध्ये माझी साडी. मागे बायका जमायला लागल्या. फॉलचा रंग जुळवायला आलेली एक जण वैतागून निघूनही गेली. शेठनी घडी घालून साडी परत फळीवर ठेवली तर माझं कसं होणार, या काळजीने मी तिचा काठ धरून ठेवला होता. शेवटी शेठनी खणातून एक जेंट्स रुमाल काढला, पांढरा, निळ्या रेघेचा. ‘ये लो. दस रुपया कॅश. बोहनी हो गई. अब कार्ड दो, जितना लिखा है उतना ही लूँगा.’

आत्याने नोट दिली, शेठनी ती कपाळाला लावली. साडी माझ्या हातात आली. निघताना आत्या वळून म्हणाली, ‘आणि बाकीच्यांचं काय?’ शेठ म्हणाले, ‘ताई, अब जाओ.’

त्यानंतर ती त्याच दुकानात जायला लागली. आधी दहा रुपयांचा रुमाल, मग कार्ड, आणि निघताना तोच प्रश्न. तिच्या घरात पुरुष माणूस नाही आणि कपाटाचा एक खण जेंट्स रुमालांनी गच्च. मी थट्टा केली की म्हणायची, असू दे, कधीतरी लागतील.

एक दिवस शेठच्या दुकानातली ‘कार्डाला दोन टक्के जास्त’ ही पाटी उतरली. आत्या इतकी खूश झाली की येताना जिलबी घेऊन आली. पण पुढच्या खेपेला माझं लक्ष किमतीच्या चिठ्ठ्यांकडे गेलं. सगळेच भाव थोडेथोडे चढले होते. घरी येऊन मी तिला चिडवलं, की तुझ्यापायी आता रोखवाल्यांनाही भुर्दंड. तिचा चहा निवून गेला.

‘सगळ्यांना?’ तिने विचारलं.

‘हो, सगळ्यांना.’

‘मग ठीक आहे,’ ती म्हणाली, आणि पुढच्याच आठवड्यात नव्या भावावर घासाघीस करायला गेली.

गेल्या वर्षी आत्या गेली. मला अजून तिच्यावाचून दुकानात पाय ठेवावासा वाटत नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. तिच्याबद्दल बोलायला उठलेला प्रत्येक जण हसवायला सुरुवात करायचा आणि मध्येच त्याचे डोळे भरायचे. कुणाकडे रुमाल नव्हता. मी उठले, खण उघडला आणि बायका-पुरुष सगळ्यांना एकेक देत गेले.

शेठही आले होते, मागच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी रुमाल हातात घेतला, निळी रेघ पाहिली आणि ओळखला. दहा रुपये काढायला त्यांचा हात खिशाकडे गेला. मी नको म्हटलं. मग त्यांनी भरल्या घराकडे एकवार नजर फिरवली.

‘सबको दिया?’

‘सगळ्यांना, शेठ. एकसारखाच.’

त्यांनी मान हलवली, घडी मोडली आणि डोळे पुसले.