सुतकातली मुलाखत

व्हिसाच्या फॉर्मवर एक रकाना होता, कामाच्या ठिकाणाचा पत्ता. मी अठ्ठावीस वर्षं पौरोहित्य करतो. सकाळी मनीषनगरात वास्तुशांती, दुपारी हिंगण्याला कुठल्याशा कारखान्यात नव्या मशीनची पूजा, संध्याकाळी इतवारीत एखाद्या दुकानदाराकडे सत्यनारायण. माझ्या कामाचा पत्ता म्हणजे माझी स्कूटर. शेवटी बायकोने त्या रकान्यात घराचा पत्ता टाकला. "एवढा काय विचार करून राहिले? आपले देव घरीच आहेत ना?" म्हणाली.

फॉर्म तीच भरत होती. मोबाइल, ओटीपी, स्कॅन हे सगळं खातं तिच्याकडे. माझा फोनसुद्धा तिच्याच ताब्यात असतो म्हटलं तरी चालेल. मला फक्त उचलता येतो, आणि फार तर ग्रुपवर आलेले फोटो बघता येतात.

परदेशातल्या एका देवळाला मराठी पुरोहित हवा होता, तीन वर्षांसाठी, कुटुंबासह. देशाचं नाव सांगत नाही. नाही म्हणणाऱ्याचं नाव घेऊ नये असं मला वाटतं. देवळाच्या लोकांनी आम्हाला एक फोटो पाठवला होता. देवळामागे छोटंसं घर, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यासमोर खिडकी. खिडकीबाहेर गवत. बायकोने तो फोटो इतक्यांदा पाहिला की पोरगी तिला चिडवायची, "आई, गवत वाढलं का वं?"

आम्ही इतवारीत भांड्यांच्या दुकानामागे दोन खोल्यांत राहतो, भाड्याने. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी आहे, पण ती उघडली की समोर दुकानाच्या गोदामाची भिंत. वीस वर्षं ती त्या भिंतीकडे बघून पोळ्या लाटते आहे. कधी बोलली नाही. तो फोटो आल्यावर मात्र बोलायला लागली. भर मे महिन्यात तिने माझ्यासाठी स्वेटर आणला आणि घालून बघायला लावला. नागपूरच्या मे महिन्यात. घामाने निथळत मी आरशासमोर उभा, आणि ती खांद्याची शिवण ओढून बघते आहे.

तर मला जायचं होतं ते खरं म्हणजे तिच्या खिडकीसाठी. देवळाच्या लोकांनी स्पष्ट कळवलं होतं की यंदा व्हिसा झाला नाही तर ते दुसरा माणूस बघतील. मी सत्तेचाळीस वर्षांचा. पुढच्या वेळी मला कोण विचारतो?

कागद जमवता जमवता चार महिने गेले. यजमानांची पत्रं आणली. ज्यांच्याकडे शिकलो त्या गुरुजींचं पत्र आणायला गेलो तर त्यांना आता दिसेना. मी मजकूर वाचून दाखवला आणि त्यांनी चाचपडत सही केली. मग मुंबईतल्या मुलाखतीची तारीख मिळाली, गुरुवारची.

निघायच्या आधीच्या शनिवारी बायको म्हणाली, "मले अडचण आहे. देवाचं पोरगी करीन." मागच्याच पंधरवड्यात तिची अडचण होऊन गेली होती. मनात आलं, वय झालं, आता असंच मागेपुढे होणार. नैवेद्य पोरीने केला. बुधवारी सकाळी मी नेहमीसारखी पूजा केली, देवांना साकडं घातलं आणि संध्याकाळच्या गाडीने निघालो.

गुरुवारी सकाळी कल्याणच्या अलीकडे गाडी थांबून राहिली. वेळ जाईना म्हणून फोन काढला आणि भाऊबंदांचा ग्रुप उघडला. एरवी तिथे रोजची फुलं आणि सुप्रभात असतं. त्या दिवशी फोटोला हार होता. काटोलकडच्या आमच्या मूळ गावातले, आजोबांचे चुलत भाऊ, शनिवारी गेले. खाली हात जोडलेली चित्रंच चित्रं. मी त्यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांचं नावही मी त्या फोटोखालीच वाचलं.

पण सात पिढ्यांच्या आतले. दहा दिवसांचं सुतक. सुतकाचा हिशेब मी लोकांना सांगतो, तो मलाच सांगायची वेळ आली. दहा दिवसांत कळलं तर उरलेले दिवस पाळायचे, नंतर कळलं तर तीन, फार उशिरा कळलं तर नुसती आंघोळ. आणि कळलंच नाही तर काही नाही. गुरुवार म्हणजे सहावा दिवस. आणखी चार दिवस देवाला शिवायचं नाही, मंत्र तोंडात आणायचा नाही. मुलाखतीत काय, कागद तर बघतील, असं म्हणून मी मनाची समजूत घातली.

अधिकारी तरुण होता, सभ्य होता. शेजारी दुभाषी बाई, मराठीच. कागद सगळे चाळून झाल्यावर तो काहीतरी हसून बोलला. बाई म्हणाल्या, "साहेब म्हणतात, कागद छान आहेत. आता पूजेत म्हणता ते थोडं म्हणून दाखवा. दोन मिनिटं फक्त."

झोपेतून उठवलं तरी पुण्याहवाचन पहिल्यापासून म्हणेन असा मी माणूस. तोंड उघडलं, आणि मिटलं.

"आज म्हणता येणार नाही," मी म्हटलं. "सुतक आहे."

बाईंना कळलं. त्यांनी त्याला घरात मृत्यू झाल्याचं सांगितलं असावं, कारण तो लगेच गंभीर झाला. कोण गेलं, त्याने विचारलं. आजोबांचे चुलत भाऊ. शेवटची भेट कधी? कधीच नाही. त्याने पेन खाली ठेवलं. बाई हळूच म्हणाल्या, "गुरुजी, दोन ओळी म्हणा हो. देव समजून घेईल."

देव घेईलही. पण मी नाही अशी मान हलवली. ती श्रद्धा होती की सवय, की नुसती भीती, मला आजही सांगता येत नाही. मी मोठा निष्ठावंत आहे असं कोणी समजू नये. डोळ्यांसमोर ती खिडकी दिसत होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्याने आणखी थोडा वेळ वाट पाहिली, मग कागद एकत्र केले.

बाहेर फूटपाथवर आल्यावर आठवलं की नामस्मरणाला सुतक नसतं. नुसतं राम राम म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिथेच कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

घरी येऊन सगळं सांगितलं. बायको चिडेल असं वाटलं होतं. तिने ऐकून घेतलं, माझी बॅग मोकळी केली आणि स्वयंपाकघरात गेली. बारा दिवसांनी मेल आली. पोरीने मोठ्याने वाचली. अर्जदारास धार्मिक विधींचं ज्ञान असल्याची खात्री पटली नाही, म्हणून अर्ज नामंजूर. मला हसू आलं.

बायको पोळ्या लाटत होती. मागे न बघता तिने विचारलं, "तो ग्रुप काहून उघडला तुम्ही?"

"म्हणजे?"

"मी म्यूट करून ठेवला होता. शनिवारीच पाह्यलं होतं मी."

मला क्षणभर कळेना. मग तिची ती अवेळची अडचण आठवली. देवघरापासून लांब बसलेली ती आठवली, आणि रोज सकाळी निर्धास्तपणे पूजा करणारा मी.

"तुम्हाले कळलं नसतं तर तुम्हाले सुतक नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून एकटीनं पाळलं. म्हटलं, लपवल्याचं पाप लागलं तर मले लागन."

लाटणं थांबलं नव्हतं. समोर गोदामाची भिंत होती. अठ्ठावीस वर्षं मी लोकांना कशाकशावर काय म्हणायचं ते सांगत आलो आहे. सुतक कधीच फिटलं होतं, पण तेव्हाही मला काही म्हणता आलं नाही.